विचारावे कोणाला?

डिसेंबरातली गोष्ट. २० तारखेला गाडगेबाबांची पुण्यतिथी असते. त्यानिमित्त मराठीच्या सरांनी आम्हाला घरून एक निबंध लिहून आणायला सांगितला होता. दुसऱ्या दिवशी सरांनी वह्या गोळा केल्या आणि काही न बोलता एकेका निबंधाचे पहिले वाक्य वाचायला सुरुवात केली. पहिल्या वहीत बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, गाव शेंडगाव. दुसऱ्या वहीत तेच. तिसरीतही तेच. पाचव्या वहीपासून वर्ग हसू लागला आणि आठव्या वहीला, म्हणजे माझ्या वहीला, मला घाम फुटला. एकूण एकोणीस निबंधांचे पहिले वाक्य काना-मात्रेसकट एकच होते!

सरांनी वह्या खाली ठेवल्या. म्हणाले, "माहिती चूक नाही. पण ही तुम्ही शोधली कुठे? ही तर तुमच्या दारात आणून टाकलेली होती. बरे, बाबांचे लहानपण मामाकडे दापुऱ्यात गेले. दापुरे आपल्याच मूर्तिजापूर तालुक्यात. तिथला कोणी आहे का वर्गात?" मागच्या बाकावरून एका मुलाने हात वर केला. त्याची सोयरीक त्या बाजूची. लहानपणापासून तिथे येणे-जाणे. सरांनी त्याची वही काढली. त्याचेही पहिले वाक्य तेच!

वाचकहो, हसण्यासारखी गोष्ट आहे. आम्हीही पोटभर हसलो. पण घरी जाताना एस. टी.त बसल्यावर मला राहून राहून वाटू लागले की, आपण दिवसभर मोबाईलवर जे 'शोधतो' ते नेमके काय करतो?

मधल्या सुट्टीत आमच्या महाविद्यालयाच्या आवारात एकदा नजर टाका. लिंबाच्या झाडाखाली दहा-बाराजणी बसलेल्या असतात आणि सगळ्यांच्या माना खाली. कोणी मराठीच इंग्रजी अक्षरांत लिहून शोधते, कारण मोबाईलवर जोडाक्षरे काढता काढता सुट्टी संपते. कोणी दोन शब्द लिहिते आणि उरलेले वाक्य फोनच सुचवतो, तेच पसंत करते. (आपल्याला काय विचारायचे आहे हेही आता दुसऱ्यानेच सांगावे, इतके आपण आळशी झालो आहोत.) उत्तरांची रांग आली की अंगठा वरच्या एक-दोन ओळींवर थांबतो. वर एखादे आयते उत्तर आले, तर त्याखाली काय आहे ते पाहण्याचे कारणच उरत नाही. आणि सर्वांत मोठा वर्ग आहे तो व्हिडिओ पाहणाऱ्यांचा. गणपतीच्या आरतीपासून जमाखर्चाच्या गणितापर्यंत सगळे ज्ञान त्यांना कोणीतरी तोंडाने सांगितलेले हवे असते.

याची माहिती करून घ्यावी म्हणून मी थोडे वाचले. मला आधी वाटायचे, आपण बटण दाबले की फोन साऱ्या जगात धावत सुटतो आणि शोधून आणतो. तसे नाही. जाडजूड पुस्तकाच्या शेवटी जशी शब्दांची सूची असते, तशी इंटरनेटवरच्या पानांची एक अवाढव्य सूची कंपनीने आधीच करून ठेवलेली असते. आपण विचारले की त्या सूचीत पाहिले जाते. गूगल ही कंपनी १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी काढली. त्यांची मूळ कल्पना तर आपल्या खेड्यातल्यासारखीच आहे. परगावचा माणूस गावात आला आणि त्याने "भरवशाचा माणूस कोण?" असे विचारले, तर दहाजण ज्याच्या घराकडे बोट दाखवतील त्याच्याकडे तो जातो. ज्या पानाकडे पुष्कळ पाने बोट दाखवतात, ते पान वर! पुढे त्यात आणखी पुष्कळ गोष्टी मिसळल्या, पण पाया तोच.

म्हणजे जे कोणी लिहिलेच नाही, ते सूचीत नाही. आणि जे सूचीत नाही ते कितीही शोधले तरी सापडायचे नाही. आपल्या शकुंतलेचे उदाहरण घ्या. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर अशी सुमारे १९० किलोमीटरची ती अडीच फुटी रुळांवरची गाडी. १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावली, नंतर डिझेलवर आली, आणि आता तर बंदच पडली आहे. तिचे नाव फोनवर टाका, चित्रांचा आणि लेखांचा पाऊस पडतो. लांबलांबच्या हौशी लोकांनी येऊन तिच्यावर लिहिले आहे. पण माझे आजोबा त्या गाडीतून कापसाच्या हंगामात मजुरीला कसे जात आणि उतारावर गाडी हळू झाली की पोरे कशी उडी मारून उतरत, हे मी तऱ्हेतऱ्हेने शोधून पाहिले. सापडले नाही. सापडणार कसे? आजोबांनी ते फक्त मला सांगितले होते, आणि मी आजवर कुठे लिहिले नव्हते.

उलट बाजूही सांगते. आई घरात काम करता करता जात्यावरच्या ओव्या गुणगुणते. एकदा सहज शोधले, तर कळले की हेमा राईरकर आणि गी पोइतवाँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ पासून त्यांतल्या काही इंटरनेटवर ऐकायला मिळतात. त्यात पुणे जिल्ह्यातली गावे फार. पण आईला एक ऐकवली, तर ती काम सोडून जवळ येऊन बसली. म्हणाली, "हे कोन्या गावची व? आमच्याकडं याची चाल येगळी हाय." कोणीतरी दारोदार जाऊन बायकांना विचारले होते, म्हणून ते माझ्या आईला सापडले.

आता आमच्या घराकडे येते, कारण खरे सांगायचे आहे ते तिथलेच आहे.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि इंटरनेट स्वस्त झाले, असे सगळे सांगतात. आमच्या घरी ते पोचायला २०२० उजाडावे लागले. शाळा बंद झाल्या, मी नववीत होते, आणि अभ्यास फोनवर येऊ लागला. बाबांनी घरातली तूर विकून एक फोन घेतला. तोच आजही आहे. एक कोपरा तडकलेला, आणि चौघांचा मिळून एकच. सकाळी तो बाबांकडे भावासाठी, दुपारी धाकट्या भावाकडे खेळासाठी, रात्री माझ्याकडे अभ्यासासाठी. रेंज फक्त न्हाणीजवळच्या भिंतीपाशी येते. त्यामुळे आमच्या घरचे सारे ज्ञान न्हाणीच्या भिंतीला टेकून उभ्यानेच मिळवावे लागते.

बाबा सातवी शिकलेले आहेत. लिहिण्यापेक्षा बोलून विचारणे त्यांना बरे वाटते. मराठीत बोललेले फोनला कळण्याची सोय गूगलने २०१७ च्या ऑगस्टमध्ये केली. त्यासाठी मराठी बोलणाऱ्या लोकांकडून वाक्ये वाचून घेऊन यंत्राला शिकवले म्हणे. ते लोक कुठले होते मला ठाऊक नाही. पण आमच्या बाजूचे फार नसावेत. कारण आपण वऱ्हाडातली माणसे. आपल्या तोंडी 'ळ' कुठे असतो? डोळ्याचा डोया, शाळेची शाया आणि अळीची अयी! गेल्या हंगामात कपाशीवर गुलाबी बोंडअळी दिसली म्हणून बाबांनी फोन तोंडाशी धरून मोठ्याने विचारले, "कपाशीवरच्या गुलाबी अयीले काय फवाराव?"

फोनने लिहिले, 'कपाशीवरच्या गुलाबी आईला काय'. आणि खाली गुलाबी साडीतल्या आयांची चित्रे, आईवरचे सुविचार, आईसाठी भेटवस्तू!

चुलीपुढून आई म्हणाली, "मले काहून फवारता हो?"

आम्ही खूप हसलो. बाबा हसले नाहीत. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तूच इचार बाई. तुह्यी बोली समजते त्याले." तेव्हापासून घरातले प्रश्न माझ्यामार्फत जाऊ लागले. मी बाबांचा प्रश्न प्रमाण मराठीत करते आणि आलेले उत्तर पुन्हा वऱ्हाडीत करून सांगते. कचेरीत पूर्वी अर्ज लिहून देणारा बसायचा तशी मी. पण यात एक धोका आहे, आणि तो मला लगेच कळला. अळीसाठी मी सांगितलेले पहिले औषध एका विक्रेत्याच्या पानावरचे होते. ते पान वर आले होते म्हणून मी सांगितले. बाबांना पटेना. त्यांनी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर लावला. पलीकडून एका बाईंनी औषधाचे नाव सांगण्याआधी उलट विचारले: पीक किती दिवसांचे? डोमकळ्या दिसतात का? कामगंध सापळे लावले का? सापळ्यात सलग तीन रात्री किती पतंग येतात? बाबांचा चेहरा उजळला. हे सगळे त्यांना येत होते! दहा मिनिटे दोघे शेतावर उभे असल्यासारखे बोलत राहिले. आमच्या फोनने बाबांना आजपर्यंत काही उलट विचारले नव्हते.

जानेवारीत एक विचित्र गोष्ट घडली. बाबांच्या नावावरच्या या फोनवर एका बाईंचा फोन आला. पुण्याच्या कुठल्याशा क्लासमधून बोलत होत्या. फार गोड बोलत. "तुमच्या मुलीच्या करिअरविषयी आपण चौकशी केली होती," म्हणाल्या, आणि चाळीस हजार रुपये फी सांगितली. बाबांनी ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी दोनदा. बाबा माझ्यावर असे कधी रागावले नव्हते. "आपला नंबर कोन देल्ला त्याहिले? चाळीस हजार कधी पायले हायेत का आपन?" मी शपथा घेतल्या. त्यांचा विश्वास बसला नाही. दोन दिवस फोन कपाटात बंद. आई त्या वेळी परातीत पीठ मळत होती. ती एक शब्द बोलली नाही. मला तिचाही राग आला.

फोन परत मिळाल्यावर मी शिष्यवृत्तीच्या अर्जाचे आधी उघडलेले पान शोधत होते. कुठे होते आठवेना, म्हणून फोनमध्ये जुन्या शोधांची यादी असते ती उघडली. यादी लांब होती. त्यातले पुष्कळसे मी विचारलेले नव्हते.

माझे त्यात नव्हतेच. कारण माझे मी रोज रात्री पुसून टाकते. ती कोणाची असावी हे दोन-चार ओळी वाचल्यावर कळले. आई शाळेत गेलेली नाही. तिला अक्षर येत नाही. पण माईकचे चित्र तिला ओळखता येते, आणि दुपारी घरात कोणी नसते. सोयाबीनला भाव कधी येणार. गुडघा दुखतो त्याला काय लावावे. नवऱ्याला झोप येत नाही. 'शाया' म्हटलेले फोनने 'छाया' केलेले होते, तरी अर्थ कळत होता. आणि मग, तीन वेगवेगळ्या दिवशी, जवळजवळ त्याच शब्दांत: बी ए म्हणजे काय असते. बी ए केल्यावर पोरगी काय होते. बी ए करून नोकरी लागते का.

मी भिंतीला टेकून उभी होते ती तशीच खाली बसले.

दीड वर्ष झाले मी महाविद्यालयात येते. सकाळी आई मला डबा देते, एस. टी.च्या पासचे पैसे कमरेच्या पिशवीतून काढून देते. गल्लीत कोणी विचारले तर "बी. ए.ले हाय" असे अभिमानाने सांगते. आणि बी. ए. म्हणजे काय हे तिला मी एकदाही सांगितले नव्हते! तिनेही मला विचारले नाही. पोरीला विचारले तर पोरीला वाटेल, आईला एवढेही कळत नाही. म्हणून तिने यंत्राला विचारले.

फोनने तिला काय सांगितले असेल ते मी तेच शब्द घालून पाहिले. सर्वांत वर दोन जाहिराती होत्या. त्यांवर 'प्रायोजित' असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. आपण वाचून पुढे जातो, पण ज्याला वाचता येत नाही त्याला वर आहे तेच उत्तर. एका जाहिरातीखाली फोनचे हिरवे चित्र होते. आईने ते दाबले असणार, पलीकडून आवाज आल्यावर घाबरून बंद केले असणार. आणि मग त्या गोड बोलणाऱ्या बाई आमच्या मागे लागल्या.

आता माझे पुसलेले शोधही सांगून टाकते, नाहीतर हा लेख अर्धा खोटा होईल. पहिल्या सत्रात अर्थशास्त्राच्या चाचणीत मला फार कमी गुण मिळाले होते. तेव्हापासून कितीतरी रात्री मी शोधत होते: बी. ए. नंतर काय. बी. ए. सोडून नर्सिंगला जाता येते का. बी. ए. करून नोकरी लागते का. शब्द थोडे शुद्ध, एवढाच फरक. दुपारी आई आणि रात्री मी, त्याच भिंतीपाशी, त्याच तडकलेल्या काचेला, तोच प्रश्न विचारत होतो. आणि दोघीही एकमेकींपासून लपवत होतो. ज्यांच्या घरी काका-मामा शिकलेले असतात, ते काकाला विचारतात. काका उलट विचारतो, "तुला कशात गोडी आहे?" आमच्या घरी कॉलेजची पायरी चढलेले माझ्याआधी कोणी नाही. मग विचारावे कोणाला?

त्या संध्याकाळी मी आईजवळ जाऊन बसले. ती भाकरी थापत होती. यादी पाहिल्याचे सांगितले नाही. सरळ सुरुवात केली, "आई, बी. ए. तीन वर्षांचं असते. माहे विषय तीन हायेत..."

तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तेव्हा तिने ती उलटली. मग म्हणाली, "सांग."

मी सांगितले. इतिहासात काय असते, अर्थशास्त्रात कापसाच्या भावासारख्या गोष्टी कशा येतात, मराठी वाङ्मयात काय शिकवतात. गाडगेबाबांवर एकोणीस जणांनी एकच वाक्य कसे लिहिले तेही सांगितले, तेव्हा ती हसली. ती म्हणाली, तिच्या आजीने बाबांचे कीर्तन ऐकले होते. बाबा आधी गाव झाडून काढायचे आणि मग कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत सुटायचे. हे तिने मला पहिल्यांदाच सांगितले. (सर, हे माझ्या निबंधात नव्हते. माफ करा.)

मग तिने विचारले, "अन् नोकरी?"

"माईत नाई, आई," मी म्हटले. "परीक्षा देईन. बी. एड. करता येते. पन लागनच असं नाई."

ती काही वेळ चुलीकडे पाहत राहिली. "बरं," म्हणाली. "हे तं त्या फोनवाल्या बाईनं नाई सांगतलं." तिला कळले होते की मला कळले आहे. बाबांना त्या फोनचे खरे कारण तिनेच जेवताना सांगितले. बाबा माझ्याशी काही बोलले नाहीत; फक्त आपल्या ताटातली मिरचीच्या ठेच्याची वाटी माझ्याकडे सरकवली.

माझे शोध मी अजूनही रात्री पुसते. तेवढे एक खाजगीपण चौघांच्या फोनात मला हवे आहे. आईचे मात्र पुसत नाही. परवा कॉलेजातून आले तर ती दारातच फोन घेऊन उभी. दुपारी तिने काहीतरी विचारले होते आणि आलेले उत्तर तिला जुळेना. मी पाहिले. समोर वांग्याच्या भरताची कृती होती. आणि वर, तिने बोललेले फोनने लिहून घेतले होते: 'मराठी वांग्याचे म्हणजे काय'.

"काय व," आई म्हणाली, "तुमाले कालेजात भरीत शिकवतेत?"